प्रयोग बारावा

त्या घरातलं स्वयंपाकघराचं टेबल जेवायला कमी आणि शाळेला जास्त लागायचं. सकाळी नऊ वाजले की त्याच्यावरचे कप, बशा आणि बाबांनी विसरलेला एखादा स्क्रू-ड्रायव्हर उचलला जायचा, ओल्या फडक्याने टेबल पुसलं जायचं आणि आई एप्रन काढून खिळ्याला अडकवायची. एप्रन उतरला की ती आई नव्हे, बाई. मग लाडात येऊन चालायचं नाही.

शाळेत विद्यार्थिनी एकच, वय वर्षं दहा. त्यामुळे वर्गात पहिला नंबर तिचाच आणि शेवटचाही तिचाच. घरात तिला वकीलबाई म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. "हिला साधं 'पाणी पी' म्हटलं तरी उलटतपासणी घेते," असं ते चर्चच्या मंडळीतल्या चार लोकांत कौतुकाने सांगायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत गुपचूप काम करणारा हा माणूस घरी आला की थांबता थांबत नसे. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, हे सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक होतं.

आई आधी नऊ वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. काचपट्टीवर थेंब पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि पेशी मोजायच्या. मोजता मोजता ती मनातल्या मनात देवाचे आभार मानायची, पण तिथे हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मुलगी सहा वर्षांची झाली तशी तिने नोकरी सोडली आणि पोरीला घरीच शिकवायचं ठरवलं. ज्याने पेशी घडवली त्यानेच ती बघणारा डोळा घडवला, मग पेशीकडे बघताना त्याचं नाव घ्यायला लाजायचं कशाला, असं तिचं सरळ म्हणणं होतं. लोकांनी नाकं मुरडली. तिने त्या नाकांकडे ढुंकून पाहिलं नाही.

पण देवाचं नाव पुढे करून केलेला ढिसाळपणा तिला खपत नसे. विज्ञानाच्या वहीला तिने कडक नियम घालून दिला होता. डावं पान 'काय पाहिलं' याचं. तिथे घडलं आणि कळलं तेवढंच लिहायचं, तेही शाईने. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे चूकही मागाहून वाचता आली पाहिजे. उजवं पान देवाशी बोलायचं. डावीकडे जे दिसलं त्याबद्दल त्याला काय सांगायचं, ते उजवीकडे. दोन्ही पानं भरली की खाली लाल पेनाने आईची सही आणि तारीख. सही झाली की प्रयोग संपला. दर रविवारी उपासनेला निघण्याआधी बाबा ती वही वाचायचे, उजवी पानं वाचून डोळे पुसायचे आणि डाव्या पानांतलं आपल्याला फारसं कळलं नाही हे मोकळेपणाने कबूल करायचे.

अकरावा प्रयोग घेवड्याच्या बियांचा होता. दोन बाटल्या, ओला कापूस, प्रत्येकीत पाच बिया. एक बाटली खिडकीत, दुसरी कपाटात. कुठली कपाटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण माणूस नकळत आपली लाडकी बाटली उजेडात ठेवतो, असं आई म्हणाली. तिच्या पोटात तेव्हा जुळी होती आणि पाय इतके सुजलेले, की ती बाबांच्या चपला घालून शिकवायची.

"सगळं सारखं ठेवायचं," फ्रिजच्या दारावर बोट आपटत तिने सांगितलं. "पाणी सारखं, कापूस सारखा. बदलायची ती एकच गोष्ट. आणि जे दोघींना सारखं मिळालं, त्याने फरक पडला असं म्हणता येत नाही. ते सोडून द्यायचं."

चौथ्या दिवशी कपाटातल्या पिवळ्या, लुळ्या कोंबांची वकीलबाईला कीव आली आणि तिने ती बाटली हळूच खिडकीत आणून ठेवली. आईने तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"दया आली म्हणून प्रयोग मोडायचा नसतो! मध्येच काही बदललंस की सगळं वाया. मग कशामुळे काय झालं, कळणार कसं?"

पोरगी रडली, तिने नव्या बिया भिजत घातल्या आणि या खेपेला दहा दिवस ती कपाटाकडे फिरकलीसुद्धा नाही. लाल सही करताना आईने तिची पाठ थोपटली. "आता कशी शहाणी झालीस," ती म्हणाली.

त्यानंतर आठवडाभरात आईला अवेळी कळा सुरू झाल्या. जुळी दहा आठवडे आधी जन्मली. मुलगी बाराशे साठ ग्रॅम, मुलगा बाराशे पन्नास. हॉस्पिटलात त्यांच्या काचेच्या पेट्यांवर नंबर लावले होते, मुलगी एक नंबर आणि मुलगा दोन नंबर. नावं ठेवायला कुणाचा धीर होईना, म्हणून घरीही तेच नंबर तोंडी बसले. नवव्या दिवशी दोन नंबर गेला. त्याच्या रक्तात जंतू शिरले होते. एक नंबर बावन्नाव्या दिवशी घरी आली.

तेव्हापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत आई रोज एक वाक्य म्हणू लागली, "प्रभू, आमच्या प्रार्थना ऐकून तू हिला घरी आणलंस." ते वाक्य धरूनच ती दिवस ढकलत होती. आभाराच्या उपासनेला पाळकसाहेबांनी भरल्या मंडळीसमोर बाळ उचलून धरलं आणि म्हणाले, "हे लेकरू म्हणजे प्रार्थनेचं जिवंत फळ!" सगळ्यांचे डोळे पाणावले. मग दोन नंबरचं काय, असं विचारण्याइतकं आगाऊ तिथे कुणी नव्हतं. एरवी जिने हमखास विचारलं असतं, ती वकीलबाई बाकावर मान खाली घालून ओठ हलवत बसली होती.

ओठ तिचे हल्ली सारखेच हलायचे. दात घासून झाले की सुरू, जिना उतरताना चालू, जेवताना चालू. काय गं, विचारलं तर म्हणायची, "प्रार्थना." तिचे प्रश्न बंद झाले. ताटातला घास तसाच गार होऊन जायचा. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. बाळाला ती हात लावायची नाही. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, भावाच्या दुःखाने पोर देवाच्या किती जवळ गेली बघा. आणि खोटं कशाला बोला, आईला हे ऐकून मनातून बरं वाटलं. इतक्या वर्षांची मेहनत कुठेतरी रुजली, असं तिला वाटलं. काचपट्टीवरची एक वाकडी पेशी जिच्या नजरेतून सुटत नसे, त्या बाईला समोर बसून वाळत चाललेलं लेकरू दिसलं नाही. याचा राग येतो.

तीन महिने शाळा बंद होती. एका शुक्रवारी बाळ टोपलीत शांत झोपलेलं पाहून आईने ठरवलं, आता पुरे, आजपासून सुरू करू. कुठवर आलो होतो ते पाहायला तिने वही काढली. अकराव्या प्रयोगाखाली तिची लाल सही होती. पान उलटलं, तर पुढे आणखी एक प्रयोग होता. सही नसलेला.

प्रयोग बारावा, असं वर ठळक लिहिलं होतं. खाली नेहमीच्या सुवाच्य अक्षरात:

"प्रश्न: प्रार्थनेने काय होतं?

साहित्य: दोन बाळं. एक नंबर, दोन नंबर.

सारखं काय: आई एक, जन्माचा दिवस एक, हॉस्पिटल एक, वजन जवळजवळ एक.

बदललेली गोष्ट: चिठ्ठी टाकली. एक नंबर आला. तिच्यासाठी मी दिवसातून तीन वेळा प्रार्थना करणार. दोन नंबरसाठी करणार नाही.

दिवस पहिला: दोघं झोपलेत. (बाबांनी फोनवर सांगितलं.)

दिवस पाचवा: दोघं सारखेच.

दिवस सातवा: दोन नंबरला ताप.

दिवस आठवा: बाबा रडले. दोन नंबरसाठी प्रार्थना करावीशी वाटते. पण मध्येच बदललं तर प्रयोग वाया. केली नाही.

दिवस नववा: दोन नंबर गेला."

उजवं पान कोरं होतं.

आई उभी होती ती खुर्चीवर बसली. तिने वहीची पुढची पानं उलटली, आणि मागच्या बाजूने सुरू केलेली एक यादी तिला सापडली. बाबा. आई. एक नंबर. पाळकसाहेब. खालच्या मजल्यावरची आजी. आजीचा कुत्रा. पोस्टमन. पोस्टमनची मुलं (किती ते माहीत नाही). बाबांच्या लिफ्टमध्ये चढणारे सगळे. यादी साडेसहा पानं होती. शेवटच्या नोंदीची शाई ताजी होती, 'काल रस्ता झाडत होती ती बाई'.

तेव्हा तिला कळलं, पोरीचे ओठ का थांबत नाहीत. ज्याला आपण सोडू तो मरतो, असं त्या लेकराने गृहीत धरलं होतं. जेवायला वेळ मिळणार कसा? साडेसहा पानं दिवसातून तीन वेळा म्हणायची होती.

"शाळा आहे का आज?" दारात वकीलबाई उभी होती. मग तिला टेबलावरची उघडी वही दिसली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ये इकडे. बस," आई म्हणाली. "हे का केलंस, बाळा?"

"मला वाटलं, एक नंबर लवकर गुबगुबीत होईल. एवढंच." पोरीने फ्रॉकची कड मुठीत धरली होती. "दोन नंबर नुसता मागे राहील असं वाटलेलं. मग तुला दाखवणार होते, आणि उजव्या पानावर छान लिहिणार होते. बाबांना रविवारी आवडलं असतं." मग तिने वर पाहिलं. "मी दोन नंबरला मारलं ना, आई?"

"नाही! असलं काही बोलायचं नाही. त्याच्या रक्तात जंतू गेले होते. मी स्वतः रिपोर्ट वाचला."

"जंतू एक नंबरच्या खोलीत पण होते ना? खोली तर एकच होती."

"हो, पण…"

"मग त्यालाच का झालं?"

इतक्या दिवसांनी पोरीने प्रश्न विचारला होता. आई म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी दोघांसाठीही प्रार्थना केली होती, राणी. मी, बाबा, सगळ्या मंडळीने. त्याला प्रार्थना कमी पडली असं नाही."

"पण ते दोघांना सारखं मिळालं," वकीलबाई हळूच म्हणाली. "सारखं मिळालं ते सोडून द्यायचं, तूच सांगितलंस. मग फक्त माझी उरते."

आईने दुसरीकडून जाऊन पाहिलं. एका प्रयोगाने काही ठरत नसतं, म्हणाली, शंभर वेळा करून बघावं लागतं. तर पोरीचे डोळे भीतीने मोठे झाले. "परत करायचं?" तिने टोपलीकडे पाहत विचारलं. आईने घाईघाईने मान हलवली. मग ती म्हणाली, अगं, कुणी जगावं आणि कुणी जावं हे आपल्या प्रार्थनेने ठरत नसतं.

"मग तू रोज जेवताना म्हणतेस ते खोटं?"

आपल्या हाताने विणलेल्या जाळ्यात आई पुरती अडकली होती. गाठी तिनेच घट्ट मारल्या होत्या, आणि चांगल्या मारल्या होत्या. समोर लेकराचे ओठ पुन्हा हलायला लागले. मनगटाचं हाड केवढं वर आलंय, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

एक उत्तर तिच्याजवळ होतं. ते खरंही होतं. सातव्या दिवशी दोन नंबरच्या रक्ताचा रिपोर्ट तिच्या हातात पडला तेव्हा तो वाचायला तिला डॉक्टरांची गरज नव्हती. त्या क्षणापासून तिने एक नंबरचं नावही घेतलं नाही. मुलगी बरी होती, तिला तिच्या नशिबावर सोडून ही बाई दोन दिवस दोन नंबरच्या पेटीला कपाळ लावून बसली, आणि आयुष्यात कधी केली नव्हती तशी प्रार्थना तिने फक्त त्याच्यासाठी केली. आईची सगळीच्या सगळी प्रार्थना दोन नंबरला मिळाली होती. आणि दोन नंबरच गेला. हे सांगितलं असतं तर पोरीचा प्रयोग तिथल्या तिथे मोडला असता. पण वकीलबाई पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहिली नसती. मग प्रार्थना ऐकतं कोण? तो प्रश्न आईने स्वतःलाही अजून विचारू दिला नव्हता. दहा वर्षांच्या पोरीच्या हातात तो देऊन वर ताटातलं जेव म्हणायचं, हे तिच्याच्याने होईना.

दुसरं उत्तर खोटं होतं. त्याने देव शाबूत राहणार होता. फक्त आई पोरीच्या मनातून जाणार होती.

ती उठली. एप्रनची गाठ सोडली, एप्रन खिळ्याला अडकवला आणि परत येऊन बाईच्या खुर्चीत ताठ बसली. बाई कधी खोटं बोलत नाही हे वकीलबाईला पक्कं माहीत होतं.

"तुझ्या प्रयोगात एक चूक आहे," ती म्हणाली. "'सारखं मिळालं' म्हणून तू माझी प्रार्थना सोडून दिलीस. ती सारखी नव्हती. मघाशी मी खोटं सांगितलं."

"म्हणजे?"

"मी दोन नंबरसाठी प्रार्थना केली नाही. एकदाही नाही. फक्त एक नंबरसाठी केली."

पोरीचे ओठ थांबले. "का?"

"मला दोघांची भीती वाटली. मी थकले होते. मी देवाला म्हटलं, मला एकच दे."

वकीलबाई आईकडे बघत राहिली. ती हिशोबी पोर होती. तिच्या चेहऱ्यावर एकेक पायरी चढताना दिसत होती.

"म्हणजे दोन गोष्टी बदलल्या होत्या."

"हो."

"मग प्रयोग वाया."

"पूर्ण वाया. त्यातून तुझ्याबद्दल काहीच ठरत नाही."

"आईची प्रार्थना मोठी असते का मुलीची?"

आईने टेबलाची कड धरली. "आईची," ती म्हणाली.

वकीलबाईने मान डोलावली. मग तिने पेन घेतलं, वही स्वतःकडे ओढली आणि डाव्या पानावर, नवव्या दिवसाच्या खाली, लिहिलं: "चूक सापडली. आईने पण दोन नंबरसाठी प्रार्थना केली नव्हती. दोन गोष्टी बदलल्या. प्रयोग वाया." मागची पानं उलटून तिने साडेसहा पानांच्या यादीवर पानागणिक एकेक सरळ रेघ मारली. मग उजव्या पानाशी ती बराच वेळ थांबली. शेवटी एक ओळ लिहिली आणि वही आईपुढे सरकवली.

"देवा, आईला क्षमा कर."

"सही," ती म्हणाली.

आईने लाल पेनाचं टोपण काढलं. रविवार परवावर आला होता. परवा बाबा ही दोन्ही पानं वाचणार होते, आणि या खेपेला डावं पानही त्यांना नीट कळणार होतं. त्यांना आधी गाठून खरं सांगावं, असं तिच्या मनात आलंच. पण बाबांच्या पोटात ते संध्याकाळपर्यंतसुद्धा राहिलं नसतं. पोरीला उचलून घेऊन त्यांनी रडत रडत सगळं ओकून टाकलं असतं. ज्या माणसाने त्या पोराला स्वतःच्या हाताने मातीत ठेवलं, त्यालाही आता हेच खरं धरून चालावं लागणार होतं. तिने सही केली. तारीख घातली. चार वर्षांत डाव्या पानावर खोट्याखाली केलेली ती तिची पहिली सही.

"भूक लागली," वकीलबाई म्हणाली.

तिने सकाळचं उरलेलं खाल्लं, दूध प्यायली, पुन्हा मागून घेतलं. दुपारी ती तीन तास गाढ झोपली, तोंड उघडं टाकून, ओठ न हलवता. आई दारात उभी राहून बघत होती. तिला पोटभर रडायचं होतं, पण बाळ उठलं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा लेक ताट-वाट्या मांडत होती आणि त्यांना विचारत होती, लिफ्टची तार तुटली तर लिफ्ट पडते की अडकते. बाबांचा आनंद गगनात मावेना. "वकीलबाई परत कामावर रुजू!" ते ओरडले, आणि तार तुटल्यावर ब्रेक कसे आवळतात ते चमच्यांनी दाखवू लागले. मग सगळे टेबलाभोवती बसले. एक नंबर आईच्या मांडीवर होती.

"आज प्रार्थना आईने करायची," बाबा म्हणाले. "आज आभार मानायलाच हवेत."

आईने हात जोडले. डोळे मिटणार तेवढ्यात वकीलबाई खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली, आणि घरी आल्यापासून जिला तिने बोट लावलं नव्हतं त्या बाळाला तिने दोन्ही हातांनी आईच्या मांडीवरून उचललं. ते सांभाळत ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि आईवरची नजर न हटवता तिने बाळाचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं.

"हं," ती आईला म्हणाली, "आता कर."